पंख्याच्या पात्यावरची धूळ

गेल्या जूनमध्ये आमच्या घरात आठवडाभर कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. कारण खरं तर आनंदाचं होतं. धाकट्या लेकीला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे जुनी माणसं जिला अजून 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात तिथं, एम.टेक.साठी प्रवेश मिळाला होता. पण तिनं विषय घेतला होता एरोस्पेस इंजिनीअरिंग, आणि त्यासाठी संगणकाच्या कंपनीतली हातात आलेली नोकरी ती सोडणार होती.

सासरे म्हणाले, "विमानं आपल्याकडं बनतात कुठं? आपण ती विकत घेतो." ह्यांनी हिशेब मांडला, "दोन वर्षांनी पुन्हा नोकरीच शोधायची, मग आताची काय वाईट?" आणि मी? एकतीस वर्षं गडहिंग्लजमध्ये मुलींना विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. 'मनाला पटेल ते शिका' असं शेकडो मुलींना सांगितलेली. तीच मी लेकीला म्हणाले, "अगं, कॉम्प्युटरमध्येच काय वाईट आहे?"

ती शांतपणे म्हणाली, "आई, हे वाक्य तू वर्गात कधी म्हणाली नसतीस."

उत्तर सुचलं नाही. शेवटी तिनंच तोड काढली. "मला पोचवायला तू चल. विभाग डोळ्यांनी बघ. मग काय ते बोल."

दगडी इमारत आणि एक जुनी गोष्ट

गडहिंग्लजहून एस.टी.नं संकेश्वरमार्गे बेळगाव, तिथून रात्रीची गाडी, आणि सकाळी बंगळुरू. शहराच्या गजबजाटातून रिक्षा संस्थेच्या फाटकात शिरली आणि एकदम आवाज थांबल्यासारखं झालं. दोन्ही बाजूंना मोठमोठी झाडं, सायकलींवरून जाणारी मुलं-मुली, आणि समोर मनोरा असलेली करड्या दगडाची मुख्य इमारत. तिच्यापुढं जमशेटजी टाटांचा पुतळा. ही संस्था पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. ते १९०४ साली गेले आणि संस्था १९०९ साली स्थापन झाली.

त्या इमारतीकडं बघताना मला आठवल्या कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ साली त्यांनी इथं प्रवेश मागितला. संचालक होते साक्षात सी. व्ही. रामन. त्यांनी नकार दिला, कारण अर्ज मुलीचा होता. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष काम बघून ठरवू, अशा अटीवर त्यांना घेतलं गेलं. पुढं त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली आणि रामन यांनाही आपलं मत बदलावं लागलं. ही गोष्ट मी दर वर्षी नववीच्या वर्गाला सांगत असे. आता माझीच लेक त्या फाटकातून आत गेली होती आणि तिला अडवणाऱ्यांत मी होते. जरा ओशाळल्यासारखं झालं.

"मग घाटगे सर तुमचेच की!"

विभागात आम्हाला हिंडवायला पीएच.डी. करणारा एक मुलगा आला. सोलापूरचा निघाला. परगावी मराठी ऐकलं की जीव हरखतो. त्यानं विचारलं, "काकू, गाव कुठलं?"

"गडहिंग्लज."

"मग घाटगे सर तुमचेच की!"

मी म्हटलं, "कुठले घाटगे?" आमच्याकडं घाटगे म्हटलं की आधी कागलकर आठवतात.

"विष्णू माधव घाटगे. हसूरचंपूचे."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. हसूरचंपू आमच्या तालुक्यातलं गाव. तिथल्या मुली माझ्या वर्गात बसून गेल्या. तिथं लग्नाला, बारशाला मी जाऊन आले आहे. आणि ज्या माणसाच्या हातून भारतातल्या या विभागाची सुरुवात झाली तो त्या गावचा, हे मला बंगळुरूत सोलापूरच्या पोरानं सांगावं!

मग मी त्याला आणि लेकीला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. त्या दिवशी आणि नंतर घरी येऊन वाचताना जे कळलं, ते असं.

घाटग्यांचा जन्म १९०८ चा. शिकत शिकत ते जर्मनीत ग्योटिंगेनला पोचले आणि तिथं लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली १९३६ साली डॉक्टर झाले. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचे गुरू. त्यांचं मोठेपण कळायला विमानात बसायची गरज नाही, घरातल्या पंख्याकडं बघितलं तरी पुरतं. पंखा दिवसभर गरगर फिरतो, तरी त्याच्या पात्यांवर धूळ साचतेच. एवढ्या वाऱ्यानं ती उडून का जात नाही? कारण पात्याला अगदी लगटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते. पात्याच्या हिशेबानं ती स्थिरच असते. तिच्यावरची थोडी सरकते, त्यावरची आणखी, आणि काही अंतरावर हवा पूर्ण वेगानं वाहते. मधला जो पातळ थर, त्याला सीमास्तर म्हणतात. विमानाला मागं ओढणारं घर्षण या थरात जन्मतं. हा थर पंखावरून सुटला तर विमानाला वर तोलून धरणारा जोरच ढासळतो. १९०४ साली प्रांटल यांनी हे मांडलं आणि विमानाचा पंख कागदावर हिशेबात आला. एकतीस वर्षं त्या पंख्याखाली शिकवलं, पण ती धूळ मी फक्त दिवाळीच्या साफसफाईत पाहिली होती.

घाटगे परत आले तेव्हा देशात विमानाचा कारखाना नव्हता. तो काढायचं धाडस केलं आणखी एका मराठी मुलखातल्या माणसानं, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. म्हैसूर संस्थानच्या मदतीनं डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूत 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' कंपनी उभी राहिली. महायुद्ध पेटलं होतं, विमानं हवी होती, दुरुस्त करणारे हात हवे होते. पण कारखाना यंत्रांनी भरता आला तरी विमानाची आखणी करू शकणारी माणसं कुठून आणायची? त्या गरजेतून डिसेंबर १९४२ मध्ये विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. घाटगे कारखान्यातही होते आणि विभागातही. वर्गात फळ्यावर जे शिकवायचं, ते त्याच शहरातल्या कारखान्यात करून बघायचं, असा तो काळ.

त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेलं 'एच.टी.-२' हे शिकाऊ वैमानिकांसाठीचं विमान ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात गेलं. चालवत होते कॅप्टन जमशेद मुन्शी. दोन आसनं, एकामागं एक. दिसायला साधं, पण आखणी आपली. आपल्या वायुदलातल्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या या विमानावर उडायला शिकल्या, आणि घानासारख्या नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशानंही ती विकत घेतली. पुढं १९६४ साली उडालेलं 'किरण' हे जेट प्रशिक्षण विमानही घाटग्यांच्याच हाताखालचं. १९९१ साली ते वारले. त्या वर्षी मी शाळेत होते, पण एवढा मोठा शेजारी गेल्याचं मला कळलंही नाही.

उदबत्तीचा धूर

दुपारी त्या मुलानं आम्हाला वातबोगदा दाखवला. बोगदा म्हणजे डोंगरातला नव्हे. इमारतीएवढं मोठं धुराडं आडवं निजवलं तर दिसेल, तसं काहीसं. एका टोकाला भलं मोठं तोंड, तिथून हवा आत ओढायची आणि अरुंद होत जाणाऱ्या भागातून जोरानं सोडायची. विमान उडवून बघण्याऐवजी त्याची प्रतिकृती जागेवर ठेवायची आणि वाराच तिच्यावरून धावू द्यायचा. जिथं प्रतिकृती ठेवतात ती जागा चौदा फूट रुंद, नऊ फूट उंच. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस हा बोगदा उभा राहिला.

मी विचारलं, "इथं नुसती विमानंच ठेवतात?" तो म्हणाला, "छे! उंच धुराडी, वीजकेंद्रांचे शीतकरण मनोरे, सगळं." इंग्लंडात फेरीब्रिज इथं १९६५ साली वादळी वाऱ्यात तीन अवाढव्य शीतकरण मनोरे कोसळले. एकेकटा मनोरा वाऱ्याला कसा तोंड देईल याचा विचार झाला होता, पण शेजारी शेजारी उभे राहिल्यावर वारा त्यांच्यामधून कसा घुसेल, याचा पुरेसा झाला नव्हता. असल्या चुका आधी लहान प्रतिकृतीवर कळलेल्या बऱ्या. विमानाचं शास्त्र विमानापुरतं नसतं, हे तिथं पहिल्यांदा मनात उतरलं.

हा बोगदा ज्यांच्या काळात उभा राहिला ते सतीश धवन. श्रीनगरला जन्मलेले, लाहोरला शिकलेले. गणित-भौतिकशास्त्राची पदवी, इंग्रजी साहित्याची एम.ए. आणि यंत्र अभियांत्रिकीची पदवी, हे तिन्ही एकाच माणसाकडं! अमेरिकेतल्या कॅलटेकची डॉक्टरेट घेऊन १९५१ साली ते इथं आले आणि १९५५ पासून विभागाची धुरा सांभाळू लागले. स्वनातीत वेगाच्या प्रयोगांसाठी त्यांनी बोगदा बनवला, तो केवळ एक इंच बाय तीन इंच मापाचा. आपल्या स्वयंपाकघरातल्या काडेपेटीची आठवण व्हावी, एवढासा. हाताशी जे आहे त्यातून सुरुवात करायची आणि मोजमाप मात्र चोख ठेवायचं, ही रीत.

त्यांचा एक विद्यार्थी होता रोद्दम नरसिंह. बंगळुरूचाच. कॉलेजात असताना संस्थेच्या खुल्या दिवशी तो हा विभाग बघायला आला आणि अंगणात ठेवलेलं 'स्पिटफायर' लढाऊ विमान बघून तिथंच खिळला. १९५३ साली तो या विभागात दाखल झाला. गुरुशिष्यांनी हाती घेतलेला प्रश्न तुमच्याआमच्या देवघरातला आहे. उदबत्तीचा धूर बघा. आधी सरळ रेघेसारखा वर जातो, मग एकाएकी विस्कटतो, गुंतवळ होतं. हवेचा शांत प्रवाह असा खवळतो कसा? धवन आणि नरसिंह यांनी दाखवलं, की शांत आणि खवळलेला यांच्यात एकच एक रेघ नसते. शांत प्रवाहात मध्येच खळबळीचे ठिपके उठतात, पसरतात, एकमेकांत मिसळतात. एखाद्या जागी किती वेळ शांतता आणि किती वेळ खळबळ, हे प्रमाण त्यांनी हिशेबात बसवलं. १९५८ साली प्रसिद्ध झालेलं हे काम जेट इंजिनाच्या पात्यांची आखणी करणाऱ्यांना आजही उपयोगी पडतं.

सासऱ्यांचा प्रश्न

एवढं ऐकूनही सासऱ्यांचा प्रश्न मनातून जाईना. इतकं सगळं झालं, मग आपण विमानं विकत का घेतो?

मी तो स्पष्टच विचारला. मुलगा हसला नाही. म्हणाला, "काकू, प्रश्न बरोबर आहे." जर्मन आखणीकार कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली 'मरुत' हे लढाऊ विमान १९६१ साली बंगळुरूतच उडालं. देखणं विमान, पण त्याच्या अंगाला पुरेल असं ताकदवान इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही, आणि ते वाढायच्या आतच खुंटलं. नंतर 'तेजस' आलं. त्या प्रकल्पाचे प्रमुख कोटा हरिनारायण हे या संस्थेचेच पदव्युत्तर विद्यार्थी. ४ जानेवारी २००१ ला ते पहिल्यांदा उडालं. पण त्यातलं इंजिनही परदेशीच. या सगळ्या काळात इथून शिकलेली कितीतरी हुशार मुलं अमेरिकेत गेली आणि तिथलीच झाली, हेही खोटं नाही.

लेक इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "आई, इंजिन जमत नाही म्हणून तर शिकायचं आहे. जे जमलंय तेच सगळे शिकायला लागले, तर उरलेलं कोण करणार?"

मी विभागाच्या पायरीवर बसले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची एक हकिकत तिथं ऐकली, ती सांगते. आपल्याकडं बांधल्या जाणाऱ्या 'अ‍ॅव्रो ७४८' या प्रवासी विमानाबद्दल शंका निघाल्या. एक इंजिन बंद पडलं तर ते सुरक्षितपणे वर चढेल का? वर्तमानपत्रांत, संसदेत चर्चा झाली. चौकशी सोपवली गेली धवन यांच्यावर. वाद मतांचा होता, पण त्यांनी तो मोजमापावर आणला. नरसिंह आणि त्यांचे सहकारी विमानात उपकरणं घेऊन बसले, प्रत्यक्ष उड्डाणं करून आकडे घेतले. अ‍ॅव्रो पुढं आपल्या वायुदलात अनेक दशकं उडत राहिलं. शंका आली तर विदेशी कंपनीला विचारायला धावायचं, की आपल्याच माणसांनी मोजून उत्तर द्यायचं? दुसरं हवं असेल तर अशी माणसं वीस वर्षं आधी वर्गात बसवावी लागतात. ती बाजारात विकत मिळत नाहीत.

पुढचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. डिसेंबर १९७१ च्या अखेरीस विक्रम साराभाई गेले. तोवर संस्थेचे संचालक झालेले धवन रजेवर अमेरिकेत होते. इंदिरा गांधींनी त्यांना अवकाश कार्यक्रम सांभाळायला बोलावलं, तेव्हा त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. विज्ञान संस्था सोडणार नाही, आणि अवकाश संघटनेचं मुख्यालय बंगळुरूत असावं. म्हणून आज 'इस्रो' बंगळुरूत आहे. १९७९ च्या ऑगस्टमध्ये 'एस.एल.व्ही.-३' समुद्रात कोसळलं तेव्हा पत्रकारांसमोर धवन स्वतः बसले आणि जबाबदारी घेतली. पुढल्या जुलैत ते यशस्वी झालं, तेव्हा त्यांनी प्रकल्पप्रमुख अब्दुल कलामांना पुढं केलं. कलाम ही आठवण आयुष्यभर सांगत. इकडं नरसिंह यांनी हवेचं तेच शास्त्र मोसमी पावसाकडं वळवलं आणि १९८२ साली संस्थेत वातावरणशास्त्राचं केंद्र उभं केलं. म्हणजे विमानाच्या पंखावरून सुरू झालेली वाट शेतकऱ्याच्या ढगापर्यंत आली. पुढं विभागाचं नावही वैमानिकीवरून एरोस्पेस झालं, म्हणजे हवेबरोबर अवकाशही आलं.

संध्याकाळी वसतिगृहाच्या दारात मी लेकीला चटणीची बरणी आणि लाडवांचा डबा दिला. तिनं विचारलं, "मग? काय बोलणार होतीस?" मी म्हटलं, "काही नाही. फोन करत जा." एवढंच जमलं. ती दोन वर्षांनी काय करील, कुठं नोकरी लागेल, परदेशी जाईल का, यातलं मला आजही काही माहीत नाही. सासऱ्यांना सगळं सांगितलं. "बघू," म्हणाले. पण टीव्हीवर विमान दिसलं की हल्ली हाक मारतात, "हे आपल्याकडचं का गं?"

मी मात्र एक केलं. माझ्या जुन्या शाळेत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंकडं एक तास मागितला. नववीच्या वर्गात टेबलावर चढले, पंखा बंद करून पात्यावर बोट फिरवलं आणि काळं बोट मुलींना दाखवलं. "एवढा वारा असून ही धूळ इथं कशी?" कुणाला सांगता येईना. मग प्रांटल सांगितले, घाटगे सांगितले, १९५१ चं ते दोन आसनांचं विमान सांगितलं. गावाचं नाव घेतलं तशी मागच्या बाकावरची एक मुलगी ताडकन उभी राहिली.

"बाई, हसूरचंपू? ते तर माझं आजोळ!"

सगळ्या वर्गानं वळून तिच्याकडं बघितलं. तास संपल्याची घंटा झाली, तरी ती उभीच होती.